फ्लेक्सवरच्या आडव्या पट्ट्या आणि गावांची मोडलेली नावं

ताई, तुमचा प्रश्न मला कसा कळला ते आधी सांगतो, म्हणजे उत्तर भलतीकडे जाणार नाही. दर्यापूर तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत तुम्ही संगणकाचं काम बघता. आमसभेसाठी तेवीस गावांची हरभरा खरेदी गावनिहाय दाखवायची आहे, सहा बाय चार फुटांच्या फ्लेक्सवर. आधी एक्सेलमधल्या आलेखाचा स्क्रीनशॉट दिला, तो फ्लेक्सवर फुटला. मग तुम्ही पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकलात, तिच्यातल्या मॅटप्लॉटलिब या आलेख काढणाऱ्या लायब्ररीने, म्हणजे तयार कोडच्या संचाने, आडव्या पट्ट्या काढल्या आणि एसव्हीजी फाइल केली, म्हणजे ठिपक्यांऐवजी आकारांचं वर्णन ठेवणारी चित्राची फाइल. पट्ट्यांच्या कडा स्वच्छ आल्या, पण गावांची नावं मोडली. कुणीतरी सांगितलेली एक सेटिंग बदलल्यावर तुमच्या संगणकावर नावं नीट झाली, आणि फ्लेक्सच्या दुकानात तीच फाइल उघडली तर नावांच्या जागी चौकोन. आता तुम्ही विचारता आहात की दुसरी लायब्ररी घेऊ का.

नुसती लायब्ररी बदलून हा त्रास जाणार नाही. पट्टी काढणं हे कुठल्याही लायब्ररीसाठी सोपं काम आहे, खरं अवघड काम देवनागरी अक्षरं जुळवण्याचं आहे. ते काम ज्याला येतं त्याच्याकडेच द्यायचं. तोवर फाइलमध्ये नावं अक्षरं म्हणूनच ठेवायची, त्यांच्या आकृत्या करायच्या नाहीत. आकृत्या अगदी शेवटी, छपाईला देताना करायच्या. एवढं सांभाळलं तर मॅटप्लॉटलिबनेही तुमचं काम होईल.

हे मी का एवढं लावून धरतो ते सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका पाणलोट समितीसाठी मी असाच फ्लेक्स करून दिला होता. रात्री उशिरा फाइल दिली, सकाळी फ्लेक्स थेट मांडवात बांधला गेला, मी तो तिथेच पहिल्यांदा पाहिला. पट्ट्या बरोबर होत्या, आकडे बरोबर होते. समोर बसलेले एक म्हातारे गृहस्थ उठले, फ्लेक्सजवळ गेले आणि एका नावावर बोट ठेवून उभे राहिले. तिथे 'रामतीर्थ'ऐवजी 'रामतीर्‌थ' असं काहीतरी छापलं होतं, रफार खाली उतरून पाय मोडका र झाला होता. ते म्हणाले, "बापू, आमच्या गावाचं नाव असं नसते." त्यांच्या गावच्या माणसांनी उन्हातान्हात बांध घातले होते आणि त्या कामाच्या कागदावर मी त्यांच्या गावाचं नाव मोडून ठेवलं होतं. चूक माझी होती. तेव्हापासून आलेखातली पट्टी मी नंतर तपासतो, नावं आधी.

नाव मोडतं कसं ते कळलं की उपाय आपोआप सुचतो. संगणकात 'पिंपळोद' साठवताना क्रम उच्चाराचा असतो: प, मग पहिली वेलांटी, मग अनुस्वार, मग दुसरा प, आणि पुढचं. लिहिताना मात्र वेलांटी पच्या आधी येते. ही अदलाबदल फॉन्ट आपोआप करत नाही. फॉन्टमधले नियम वाचून अक्षरं जागेवर बसवणारा एक वेगळा कारागीर लागतो. फायरफॉक्स, क्रोम, लिब्रेऑफिस आणि एसव्हीजी चित्रं हाताळणारं इंकस्केप यांच्या आत 'हार्फबझ' नावाचा असा कारागीर आहे. मॅटप्लॉटलिबचा अक्षर काढण्याचा मूळ रस्ता रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून बांधलेला: एक अक्षर घे, त्याची आकृती काढ, पुढे सरक. म्हणून वेलांटी पहिल्या पनंतर उमटते आणि दुसऱ्या पला चिकटल्यासारखी दिसते, वाचणारा 'पपिंळोद' वाचतो. 'थिलोरी'ची वेलांटी लवर जाते. 'खल्लार'मधलं जोडाक्षर सुटून पाय मोडका ल आणि आखा ल शेजारी उभे राहतात. 'येवदा' मात्र धड येतो, कारण त्यात ना पहिली वेलांटी, ना जोडाक्षर, ना रफार. इथेच बरेच जण फसतात. दोनचार सोपी नावं बघून फाइल पुढे पाठवतात.

आता ती सेटिंग. मॅटप्लॉटलिबच्या सेटिंगच्या यादीत, आरसीपॅराम्समध्ये, 'एसव्हीजी डॉट फॉन्टटाइप' नावाचा पर्याय आहे. मुळात त्याची किंमत 'पाथ' असते, म्हणजे प्रत्येक अक्षराची आकृती करून फाइलमध्ये घाल. ती 'नन' केली की लायब्ररी अक्षराची आकृती काढतच नाही. फाइलमध्ये टेक्स्टचा टॅग घालते, त्यात 'पिंपळोद' हा शब्द जसाच्या तसा लिहिते आणि फॉन्टचं फक्त नाव देते. फाइल ब्राउझरमध्ये उघडली की अक्षरं जुळवायचं काम ब्राउझर करतो, म्हणून तुमच्याकडे नावं सुधारली. हा 'नन' अवतरणचिन्हांत, सगळी लहान अक्षरं वापरून लिहायचा. पायथॉनचा स्वतःचा मोठ्या एनचा नन इथे चालत नाही.

दुकानात चौकोन का आले तेही यातच आहे. फाइलमध्ये फॉन्टचं नाव आहे, फॉन्ट नाही. तुमच्या संगणकावर मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी आहे, दुकानातल्या संगणकावर नसेल. तिथे बहुतेक काम कोरलड्रॉ या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये चालतं. दुकानदाराची यात काही चूक नाही. "फॉन्ट कर्व्ह करून आणा", म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करून आणा, असं ते जे नेहमी सांगतात, तो अनुभवाचा सल्ला आहे. प्रश्न एवढाच की कर्व्ह कुठे करायचे. मॅटप्लॉटलिबमधला 'पाथ' पर्यायही कर्व्हच करतो, पण तो चुकीच्या जागी बसलेल्या अक्षरांचे करतो. कर्व्ह हार्फबझच्या हातून अक्षरं बसल्यावर झाले पाहिजेत, म्हणजे इंकस्केपमध्ये.

त्यामुळे रस्ता असा: लायब्ररीतून टेक्स्ट ठेवलेली एसव्हीजी, ती इंकस्केपमध्ये, तिथून टेक्स्टचे पाथ केलेली पीडीएफ, ती दुकानात. इंकस्केप मोफत आहे. उघडून सगळं निवडा आणि पाथच्या मेनूतलं 'ऑब्जेक्ट टू पाथ' दाबा, झालं. एकाहून जास्त फाइली असतील तर आदेशाच्या खिडकीतूनही होतं, 'एक्स्पोर्ट टेक्स्ट टू पाथ' हा पर्याय देऊन प्रकार पीडीएफ सांगायचा. मूळ एसव्हीजी जपून ठेवा, कारण पाथ झाल्यावर नावात दुरुस्ती करता येत नाही. आमसभेच्या आदल्या दिवशी कुणीतरी आकडा बदलून आणतंच. मॅटप्लॉटलिबमधून थेट पीडीएफ काढण्याचा मोह होईल. तो टाळा, तिथे नावं पुन्हा तशीच मोडतील.

मॅटप्लॉटलिबच ठेवायची असेल तर आणखी काही गोष्टी. आडव्या पट्ट्यांसाठी 'बारएच' हे फंक्शन. त्यात पहिलं गाव सगळ्यात खाली येतं, कारण वायचा अक्ष खालून वर मोजला जातो. यादीचा क्रम वरून खाली हवा असेल तर 'इन्व्हर्ट वायअ‍ॅक्सिस' एकदा म्हणायचं. पट्टीच्या टोकाला आकडा लिहायला 'बार लेबल' आहे, ते ३.४ आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून मिळतं. फॉन्ट आठवणीने ठरवून द्या, कारण मूळचा डेजाव्हू सॅन्स देवनागरी जाणत नाही. डावीकडची जागा लायब्ररीला आपोआप ठरवू देऊ नका. ती नावाची लांबी न जुळवलेल्या अक्षरांवरून मोजते, प्रत्यक्षात नाव कमीजास्त रुंद भरतं. समास 'सबप्लॉट्स अ‍ॅडजस्ट'ने हाताने ठेवा. एक बरं आहे: 'नन' असताना ही लायब्ररी नावाला 'इथे संपव' अशी खूण लावते, त्यामुळे नाव रुंद झालं तरी डावीकडे सरकतं, पट्टीवर चढत नाही.

जॉन हंटर यांनी ही लायब्ररी सुरू केली, पहिली आवृत्ती २००३ मध्ये आली. हंटर २०१२ मध्ये गेले, पण त्यांचं साधन अजून जगभर रोज वापरलं जातं. मीही रोज वापरतो, स्वतः आकडे बघण्यासाठी. फ्लेक्ससाठी मात्र माझी पसंती वेगळी आहे.

फ्लेक्सचा आलेख मी 'एसव्हीजीराइट' या छोट्या पायथॉन लायब्ररीने काढतो. ती आलेख काढत नाही. तिला आलेख म्हणजे काय तेच माहीत नाही. ती फक्त 'इथे आयत ठेव, इथे शब्द ठेव' एवढं ऐकते आणि एसव्हीजी लिहून देते. ऐकायला हे जास्त कष्टाचं वाटतं, पण आडव्या पट्ट्यांचं गणित पाचवीच्या मुलालाही जमेल असं आहे. एकदा हाताने केलं की पुढे कुठल्याही लायब्ररीत पट्टी कुठे सरकली ते तुम्हाला लगेच दिसेल. शिवाय फ्लेक्सवर कोणती गोष्ट किती इंचांची होणार हे तुमच्या हातात राहतं.

तुमचाच फ्लेक्स घेऊ. सहा फूट म्हणजे १८२८.८ मिलिमीटर, चार फूट म्हणजे १२१९.२. हे खरं माप फाइलच्या रुंदी-उंचीत मिलिमीटरमध्ये लिहा. आतल्या मोजणीसाठी 'व्ह्यूबॉक्स' ० ० १८०० १२०० ठेवा. दोन्हीचं प्रमाण दीडास एकच आहे, त्यामुळे चित्र ताणलं जात नाही, आणि आतलं एक एकक म्हणजे फ्लेक्सवर जवळपास एक मिलिमीटर. आता डोक्यात सगळं मिलिमीटरमध्येच चालवा.

वर शीर्षकाला १८० सोडा. तेवीस गावं, प्रत्येकाला ४० ची ओळ, झाले ९२०. म्हणजे ११०० वर शेवटची ओळ संपते आणि खाली १०० उरतात. तिथे 'आकडे क्विंटलमध्ये' आणि हंगाम लिहा. डावीकडे नावांना ३२०, उजवीकडे १८०, मध्ये पट्ट्यांना १३०० राहिले. समजा सगळ्यात जास्त खरेदी १,८४० क्विंटल आहे. अक्ष २,००० पर्यंत धरा, म्हणजे एका क्विंटलला ०.६५ एकक. १,८४० क्विंटलची पट्टी ११९६ लांब, ३७ क्विंटलची २४. झालं गणित.

एसव्हीजीत मोजणी वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू होते आणि वाय खाली जाताना वाढतो. आडव्या पट्ट्यांना हे सोयीचं आहे, उभ्या पट्ट्यांसारखं उलटं वजा करावं लागत नाही. यादीतल्या गावांना शून्यापासून क्रमांक द्या. ओळीचा माथा म्हणजे १८० अधिक क्रमांक गुणिले ४०. पट्टी २८ जाड, वर-खाली सहा-सहा मोकळे, म्हणून पट्टीचा वाय माथ्याच्या ६ खाली. एक्स नेहमी ३२०. रुंदी म्हणजे क्विंटल गुणिले ०.६५. आयताला एवढ्या चार गोष्टी लागतात.

नाव ३०६ वर, 'टेक्स्ट अँकर'ची किंमत 'एंड', म्हणजे नाव तिथे संपेल. एसव्हीजीराइटमध्ये हा गुणधर्म लिहिताना मधली आडवी रेघ खालच्या रेघेने लिहायची, ती फाइलमध्ये आपोआप बदलून देते. उंचीच्या मध्यावर नाव बसवण्यासाठी एसव्हीजीत 'डॉमिनंट बेसलाइन' नावाचा गुणधर्म आहे, पण सगळी सॉफ्टवेअर तो सारखा पाळत नाहीत. मी तो वापरत नाही, बेसलाइन, म्हणजे अक्षरं ज्या रेघेवर टेकतात ती, हाताने देतो. रोमन लिपीसाठी लोक फॉन्टच्या मापाच्या ०.३५ पट खाली सरकवतात. देवनागरीला वर शिरोरेषा असते आणि तिच्याही वर मात्रा-रफार, म्हणून मी ०.३ ठेवतो आणि डोळ्यांनी बघून घेतो. फॉन्ट ३० चा, म्हणजे ओळीच्या मध्याखाली ९, म्हणजे माथ्यापासून २९. चाळीसच्या ओळीत तीसचा फॉन्ट इंग्रजी नावांना ऐसपैस झाला असता, आपल्याकडे वर रफार आणि खाली उकार आले की जेमतेम पुरतो. यापेक्षा मोठा फॉन्ट हवा असेल तर गावं दोन फ्लेक्सवर वाटा, पण ओळी दाटू नका.

आकडा पट्टीच्या टोकापासून १२ पुढे. आत लिहू नका, छोट्या पट्टीत तो मावत नाही आणि मग काही आत, काही बाहेर असा खेळ होतो. अक्षावरचे आकडे आणि उभ्या जाळीच्या रेघा मी अशा फ्लेक्सवर काढतच नाही. प्रत्येक पट्टीला आकडा आहे, मग रेघांवरून अंदाज बांधायला कुणाला का लावायचं?

आकडे देवनागरीत हवे असतील तर पायथॉनच्या 'ट्रान्सलेट'ला दहा अंकांची जोडी द्या, एक ओळ पुरते. स्वल्पविरामाकडे मात्र लक्ष ठेवा. पायथॉनचा नेहमीचा स्वल्पविराम तीन-तीन अंकांवर पडतो, दहा लाखांचं १,०००,००० होतं. क्विंटलमध्ये हे दिसणार नाही, रुपयांचा फ्लेक्स केला की लगेच दिसेल. शेवटचे तीन अंक वेगळे काढा, उरलेले उजवीकडून दोन-दोन तोडा. ब्राउझरमध्ये डी-थ्री या जावास्क्रिप्टच्या आलेख-लायब्ररीने काम करणाऱ्यांना ही सोय तयार मिळते, जावास्क्रिप्टला मराठी-भारत असा प्रदेश सांगितला की अंकही देवनागरी येतात आणि स्वल्पविरामही लाख-कोटींचे. डी-थ्री चांगली आहे, पण छापायच्या एका फ्लेक्ससाठी तिच्या वाटेला जाऊ नका.

पायगल या पायथॉनच्याच दुसऱ्या आलेख-लायब्ररीबद्दलही तुम्ही विचारलं आहे. तिच्यात आडव्या पट्ट्यांचा वेगळा प्रकार तयार आहे आणि ती मुळातच एसव्हीजी देते, नावंही टेक्स्ट म्हणून ठेवते. बोट ठेवलं की आकडा दिसावा अशी तिची रचना, त्यासाठी ती इंटरनेटवरून एक स्क्रिप्ट ओढते. संकेतस्थळावर लावायला छान. फ्लेक्सवर बोट ठेवून आकडा उगवत नाही, आणि वीज-नेट गेलेल्या दुपारी ती अर्धी राहते.

एक गोष्ट मराठीची खास. आपला ल आणि श हिंदीतल्या ल-श पेक्षा वेगळ्या वळणाचा. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि भाषा मराठी आहे असं कळलं तरच आपलं वळण येतं. म्हणून टेक्स्टला 'एक्सएमएल लँग' गुणधर्मात मराठीचा दोन अक्षरी संकेत, एम आणि आर, द्या. फॉन्टमध्ये सोय असेल तर 'खल्लार'मधला ल आपला दिसेल. छोटी बाब आहे, पण शाळेत ज्यांनी तो ल पाटीवर गिरवला त्यांना फरक कळतो.

नावं कुठून येतात तेही बघा. जुन्या रजिस्टरवरून कुणी श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली यादी असेल तर ती पायथॉनला इंग्रजी अक्षरांचा कचरा म्हणून दिसेल. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर प्रत्येक नाव वाचा, बदलणारी साधनं जोडाक्षरांत चुकतात. एक्सेलमधून सीएसव्ही काढताना यूटीएफ-८ वाला प्रकार निवडा, साधा निवडला तर मराठीची प्रश्नचिन्हं होतात. आणि नावामागची रिकामी जागा कापा. 'पिंपळोद' आणि शेवटी एक स्पेस असलेलं 'पिंपळोद' संगणकासाठी दोन गावं आहेत. बेरीज दोन पट्ट्यांत फुटते आणि फ्लेक्सवर चोवीस गावं येतात. माझ्याकडे हे घडलेलं आहे, आणि ते पकडलं एका सभासदाने, संगणकाने नव्हे.

एक्सेलचा स्क्रीनशॉट का फुटला त्याचा हिशेब एका ओळीचा आहे. समजा चित्र ९०० ठिपके रुंद होतं. सहा फूट म्हणजे ७२ इंच, म्हणजे इंचाला साडेबारा ठिपके. एवढ्यात 'र्थ'वरचा रफार कसा टिकणार? एसव्हीजीत ठिपके नाहीतच, 'या जागेपासून इतका रुंद आयत' असं वाक्य आहे. ते पोस्टकार्डावरही खरं आणि गावच्या वेशीएवढ्या फ्लेक्सवरही खरं. तेवीस पट्ट्यांची ती फाइल काही किलोबाइटची होते, कर्व्ह केल्यावर थोडी वाढते, तरी व्हॉट्सअ‍ॅपवर सहज जाते. तिथून पाठवताना फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलेलं काहीही पुन्हा ठिपक्यांचं होतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

आडव्याच पट्ट्या का, असं तुमच्या अध्यक्षांनी विचारलं आहे. त्यांना 'वडनेर गंगाई' हे नाव उभ्या पट्टीखाली लिहून दाखवा. ते तिरपं करावं लागतं, आणि तिरपी देवनागरी वाचताना मान वाकडी होते. जिल्ह्याचा आलेख केलात तर नांदगाव खंडेश्वर, अंजनगाव सुर्जी, धामणगाव रेल्वे अशी नावं येतात, अमरावतीच्या चौदा तालुक्यांना उभ्या पट्ट्या झेपत नाहीत. विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ मध्ये स्कॉटलंडच्या आयात-निर्यातीचा जो पट्ट्यांचा आलेख छापला, त्यातही पट्ट्या आडव्याच होत्या, बाजूला एकेका देशाचं नाव लिहून. वृत्तालेख काढा असंही कुणी म्हणेल. तेवीस फोडींचा वृत्तालेख मांडवातल्या शेवटच्या ओळीतून वाचता येत नाही. क्लीव्हलँड आणि मॅक्गिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये माणसांवर प्रयोग करून दाखवलं, की एका समान रेघेपासून मोजलेलं अंतर डोळा सगळ्यात बरोबर ओळखतो, कोन आणि क्षेत्रफळ त्यापेक्षा वाईट. पण ती समान रेघ शून्याची असली पाहिजे. पट्टी शून्यापासून सुरू झाली नाही तर तिची लांबी खोटं बोलते. जागा वाचवण्यासाठी मोठी पट्टी मध्येच तोडून नागमोडी रेघ देणं हेही मला मान्य नाही. १,८४० आणि ३७ मध्ये जेवढा फरक आहे तेवढा दिसू द्या. ३७ ची पट्टी चोवीस मिलिमीटरची आहे, ती लांबूनही दिसते आणि तिच्यापुढे आकडा आहे.

इथे तुम्हाला थोडं थांबवतो, कारण ही गोष्ट लायब्ररीत सापडणार नाही. क्रम कसा लावायचा? मोठ्या आकड्यापासून लहानापर्यंत लावला की आलेख पटकन वाचता येतो, जिथे क्रमाला दुसरा अर्थ नाही तिथे मीही तसाच लावतो. पण आमसभेत शेवटच्या ओळीतल्या गावची माणसं समोर बसलेली असतात. मागे एका सभेत एक बाई उठून म्हणाल्या, "आमच्या गावाचा पट्टा एवढुसा कायले? आमची तर सारी घरं देतात." त्यांचं बरोबर होतं. त्यांच्या गावात सभासदच मोजके होते. एकूण क्विंटलची पट्टी मुख्यतः गाव किती मोठं आहे तेच सांगत होती. खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या आपल्या भागात, हरभऱ्याचं जमीन-पाण्याचं गणितही गावागणिक बदलतं, तेव्हा नुसत्या बेरजेवरून गावाची मेहनत ठरवू नये. तेव्हापासून मी दोन आलेख देतो: एक एकूण क्विंटलचा, एक सभासदामागे क्विंटलचा. दुसऱ्यात क्रम पुष्कळदा उलटापालटा होतो. तुमच्याकडे सभासदसंख्या आहेच, एका भागाकाराचं काम आहे. दोन्ही फ्लेक्सवर गावांचा क्रम मात्र एकच ठेवा, एकूण क्विंटलचा, म्हणजे आपलं गाव दोन्हीकडे त्याच ओळीत सापडतं.

रंग एकच वापरा. तेवीस गावांना तेवीस रंग दिले की लोक रंगाचा अर्थ शोधत बसतात. पडद्यावरचा झगझगीत हिरवा फ्लेक्सवर मंद पडतो, कारण पडदा उजेडाने रंगतो आणि छपाई शाईने. गडद रंग घ्या, अक्षरं काळी, मागचा भाग पांढरा. मागे शेताचा फोटो टाकू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. गेल्या वर्षीची खरेदीही दाखवायची असेल तर त्याच ओळीत मुख्य पट्टीखाली बारीक फिकी पट्टी द्या: २८ मधले १८ यंदाला, ८ गेल्या वर्षाला, मध्ये २ मोकळे.

आता कामाला लागा. आधी तेवीस गावं नकोत, फक्त चार नावं घेऊन फाइल करा: रामतीर्थ, खल्लार, थिलोरी, पिंपळोद. रफार, जोडाक्षर आणि पहिली वेलांटी या चारांत येऊन जाते. इंकस्केपमधून कर्व्ह करून पीडीएफ काढा आणि ती तुमच्या संगणकावर नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवर उघडून बघा, जिथे तुमचा फॉन्ट नाही. चारही नावं नीट दिसली की मग पूर्ण यादी घाला. पूर्ण आलेख साध्या ए-फोर कागदावर छापून कार्यालयात येणाऱ्या सभासदांपैकी एकदोघांना मोठ्याने वाचायला सांगा, ओळीओळीने, नाव आणि आकडा. कुठे अडखळले तर तिथे थांबून दुरुस्त करा आणि मगच दुकानात पाठवा. दुकानातून छापण्याआधी पडद्याचा एक फोटो मागवून घ्या आणि त्यात रामतीर्थचा रफार थच्या डोक्यावर आहे ना, तेवढं बघा.